प्रश्नमंजुषेची तयारी: प्रश्नसंच मिटा, मुलांना ऐकायला शिकवा

मॅडम, तुमची अडचण थोडक्यात अशी: इंदिरानगरच्या तुमच्या शाळेची आठवी-नववीची तीन मुलं दीड महिन्यानं आंतरशालेय प्रश्नमंजुषेत उतरणार आहेत. गणित आणि विज्ञानाचा भर जास्त आहे. दोन जाडजूड प्रश्नसंच मुलांनी जवळपास पाठ केलेत, तरी सरावात बझरवर हात जात नाही आणि गेलाच तर उत्तर चुकतं. वर्गात पहिली येणारी मुलं इथे का अडखळतात, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं शाळांच्या टीम तयार करतो आणि अधूनमधून क्विझ मास्टर म्हणून माइकसमोरही असतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की मुलांना येत नाही ही अडचण क्वचितच असते. तुमची मुलं प्रश्न वाचून तयारी करतात आणि स्पर्धेत त्यांना तो ऐकावा लागतो. वाचताना ओळ पुन्हा पाहता येते, कानाला ती सोय नाही. म्हणून उद्यापासून एकही प्रश्न मुलांच्या हातात कागदावर देऊ नका. प्रश्नसंच तुमच्याकडे राहू दे, वाचायचं तुम्ही. सुरुवातीला मुलं कुरकुर करतील, "मॅडम, परत एकदा" म्हणतील. परत वाचू नका.

पहिला आठवडा नुसत्या आकड्यांना द्या. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे ऐकताना भलीभली मुलं एक दशक इकडेतिकडे सरकतात. रोज दहा मिनिटं तोंडी साखळी घ्या: "सत्तेचाळीस, त्यात त्रेपन्न मिळवा, चारने भागा, वर्ग करा." उत्तर ६२५. कागद नाही, पेन नाही, बोटंही नाहीत. चार पायऱ्या जमल्या की सहा करा. तुमची मुलं सेमी इंग्रजीची असतील तर एक दिवस मराठीत आणि एक दिवस इंग्रजीत आकडे सांगा, लसावि-मसावि आणि एलसीएम-एचसीएफ दोन्ही कानावर पडू द्या. क्विझ मास्टर कोणत्या भाषेत बोलेल ते आपल्या हातात नसतं, आणि मनातल्या मनात भाषांतर करण्यात दोन सेकंद गेले की समोरची टीम बझर दाबून मोकळी होते.

दुसरा सराव मी 'अर्धा प्रश्न' म्हणतो. माझ्या मते बझर फेरीची निम्मी तयारी यातच आहे. प्रश्न मध्येच तोडायचा आणि विचारायचं, "आता पुढे काय विचारतील?" हा नमुना घ्या. "देवळालीच्या शाळेत अनेक वर्षं गणित शिकवणारे, १९०५ साली डहाणूला जन्मलेले..." इथे थांबा. नाशिकचं पोर असेल तर "कापरेकर!" म्हणून ओरडेल. ओरडू द्या, मग उरलेला प्रश्न वाचा: "...या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा चार अंकी स्थिरांक कोणता?" उत्तर ६१७४. माणूस बरोबर, गुण गेले. आता मुलांनाच विचारा की देवळाली आणि डहाणू एवढंच ऐकल्यावर पुढे काय काय येऊ शकतं. नाव, ६१७४, जास्तीत जास्त किती पायऱ्यांत तिथे पोचतो (सात), हर्षद संख्या म्हणजे काय (आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी). चार वाटा दिसल्यावर मुलाला आपोआप कळतं की अजून थांबायला हवं.

कापरेकर निघालेच आहेत तर तिथून पटकन पुढे जाऊ नका. मुलांना कोणतीही चार अंकी संख्या घ्यायला सांगा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले तर ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. परत तेच: ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. आता खरा प्रश्न: मधली प्रत्येक वजाबाकी ९ ने भाग जाणारीच का येते? पाठांतरवाली मुलं इथे गप्प होतात. दोन्ही संख्यांत अंक तेच, म्हणून अंकांची बेरीज तीच, म्हणून ९ ने भागल्यावर बाकीही तीच (संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोघींची ९ ने भागल्यावरची बाकी एकच असते), आणि वजाबाकीत ती बाकी उडते. हे ज्याला उमगलं त्याला पुढे गुणाकाराचं उत्तर ताडून बघायची युक्तीही फुकट मिळते. ३७ गुणिले ४३ चं उत्तर १५९१ आलं? ३७ च्या अंकांची बेरीज १० म्हणजे १, ४३ ची ७, गुणाकार ७. १५९१ ची १६ म्हणजे ७. जुळलं. न जुळलं तर उत्तर नक्की चूक. जुळलं तर बहुधा बरोबर, पण छातीठोक नाही, हेही सांगून ठेवा.

गणितात पाठ करायला हवं ते फार थोडं आहे: ३० पर्यंतचे वर्ग, १५ पर्यंतचे घन, १०० च्या आतल्या २५ मूळ संख्या, पायथागोरसची पाच-सहा त्रिकुटं (८-१५-१७ आणि ७-२४-२५ विसरली जातात, तीच विचारली जातात) आणि एक सप्तमांश, एक अष्टमांश असल्या अपूर्णांकांची शेकडेवारी. ९१ मूळ संख्या नाही, ती ७ गुणिले १३ आहे, हे भिंतीवर लिहून ठेवा. आपल्या आजोबांच्या पिढीला निमकी, पावकी, दिडकी, औटकी (अर्धा, पाव, दीड, साडेतीन यांचे पाढे) तोंडपाठ असायची. त्यातली निदान दिडकी आणि अडीचकी मुलांना शिकवाच. शेकडेवारी आणि वेगाच्या गणितांत त्याचा उपयोग किती होतो ते आठवड्याभरात दिसेल.

बाकी सगळं नात्याने शिकवा. दहा जणांनी एकमेकांशी एकेकदा हात मिळवले तर किती वेळा? ४५. दशकोनाला कर्ण किती? मुलं सूत्र आठवत बसतात. दहा शिरोबिंदू म्हणजेच ती दहा माणसं, ४५ जोड्या, त्यांतल्या १० जोड्या म्हणजे बाजू, उरले ३५ कर्ण. सूत्र विसरलं तरी उत्तर सापडतं, आणि बझर दाबल्यावर डोकं रिकामं झालं तर हीच वाट कामाला येते.

काही प्रश्न मुद्दाम पायात पाय अडकवण्यासाठीच काढलेले असतात. "द्वारका चौकातून त्र्यंबकेश्वरला जाताना वेग ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी वेग किती?" नव्वद टक्के मुलं ५० म्हणतात, उरलेली "अंतर दिलेलंच नाही" म्हणतात. अंतर लागत नाही. सोयीचं अंतर आपणच धरायचं, १२० किलोमीटर. जायला तीन तास, यायला दोन तास, २४० ला ५ ने भागलं, ४८. हळू जाताना जास्त वेळ जातो म्हणून सरासरी ४० कडे झुकते, एवढं कळलं की ५० तोंडातून निघणार नाही. तसाच दुसरा: १ ते १०० लिहिताना ९ हा अंक किती वेळा लिहावा लागतो? २०. एककात दहा, दशकात दहा. ९९ मध्ये तो दोनदा येतो, तिथे मुलं एकदाच मोजतात आणि १९ म्हणतात.

आता विज्ञान. इथे माझा प्रश्नसंचांवर जरा रागच आहे. "कल्हईसाठी कोणता धातू वापरतात? उत्तर: कथील." संपलं. पुढचा प्रश्न मेंढीच्या क्लोनचा. असं सुटं सुटं पाठ केलेलं सुटंच राहतं. त्यापेक्षा एक वस्तू घ्या आणि तिच्यातून जितके प्रश्न निघतील तितके काढा. एखाद्या मुलाच्या आजीकडे कल्हईचं जुनं पातेलं असेल ते मागवा, नाहीतर शनिवारी मुलांना घेऊन भांडी बाजारात चक्कर मारा. मग एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायचा. कथिलाची संज्ञा काय? एसएन. टिनला एसएन कसं? लॅटिनमधल्या स्टॅनम या नावावरून. पातेलं तापवून कथील फासतात तेव्हा कथील वितळतं, तांबं का नाही? कथिलाचा द्रवणांक २३२ अंश सेल्सिअस, तांब्याचा १०८५. कल्हईवाला आधी नवसागर का टाकतो? पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर निघावा म्हणून, नाहीतर कथील धरत नाही. नवसागर म्हणजे? अमोनियम क्लोराइड. पांढरा धूर कसला? तापल्यावर नवसागर घन अवस्थेतून थेट वायूत जातो आणि थंड होताना परत पांढरे कण होतात. पाठ्यपुस्तकात यालाच संप्लवन म्हटलंय. कल्हई हवीच कशाला? चिंच, ताक, लिंबू यांतल्या आम्लाची तांब्यावर क्रिया होऊ नये म्हणून. मग देवघरातला हिरवट पडलेला तांब्या चिंचेने का घासतात? तो हिरवा थर कॉपर कार्बोनेटचा, आम्लात विरघळतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. ही जोडी परीक्षेत हमखास उलटी होते. ज्याने पातेलं हातात धरून हे बोललंय त्याची होत नाही. एका भांड्यातून नऊ-दहा प्रश्न झाले, आणि क्विझ मास्टर त्यातला कुठलाही विचारो, मुलाला आजूबाजूचे सगळे आठवतात.

असलीच दुसरी वस्तू आपल्या दारात आहे. सध्या शहरात जिकडेतिकडे सिंहस्थाची कामं चाललीत, मुलं रोज त्या खोदकामातून शाळेत येतात. त्यांना विचारा, सिंहस्थ साधारण बारा वर्षांनीच का? गुरू सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ असतो, हे घरात ऐकलेलं असतं. २००३, २०१५, आता २०२७. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत त्याचा मुक्काम साधारण वर्षभर. इथपर्यंत विज्ञान झालं, आता गणित. ११.८६ म्हणजे बारापेक्षा ०.१४ वर्ष कमी, दिवसांत किती? सुमारे ५१. दर फेरीला एवढा फरक साचत गेला तर किती फेऱ्यांनी एक पूर्ण वर्ष होईल? सात फेऱ्यांत ०.९८. म्हणजे अधूनमधून दोन पर्वांत बाराऐवजी अकराच वर्षांचं अंतर पडायला हवं. पडतं का? हरिद्वारचा कुंभ २०१० ला झाला आणि त्यापुढचा २०२१ ला. तिथे गुरू कुंभ राशीत लागतो, पण हिशोब तोच. माझ्या अनुभवात हे उत्तर मुलं स्वतः काढतात तेव्हा टीमची भीड पहिल्यांदा मोडते. गुरूचा परिभ्रमणकाळ पाठ करवून घ्यायची गरजच उरत नाही.

तिसरं उदाहरण लहानसं. "नाशिकला उघड्या भांड्यात पाणी किती अंशाला उकळेल?" हात लगेच बझरवर, उत्तर १००. ते समुद्रसपाटीला. आपण साधारण ६०० मीटर उंचीवर, दर ३०० मीटरला उत्कलनांक सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे ९८ च्या आसपास. मग कुकरमध्ये अन्न लवकर का शिजतं, हे सांगायला तुमची गरज पडणार नाही.

थांबायचं कुठे हेही शिकवावं लागतं. प्रश्नाला वळण देणारे शब्द असतात: पण, मात्र, याउलट, वगळता, नसलेला. "बुध हा सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह आहे, पण सर्वांत उष्ण ग्रह कोणता?" 'पण' च्या आधी दाबलेला बझर बुधावर जातो. उत्तर शुक्र, त्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या दाट वातावरणामुळे. सरावात एका मुलाचं काम फक्त वळणाचा शब्द आला की बोट वर करायचं, एवढंच ठेवा. दोन दिवसांनी तिघांचीही बोटं आपोआप वर जातात.

बझर कधी दाबायचा हे नियमांवर ठरतं, आणि नियम आयोजकांकडून आधीच लेखी मागून घ्या. प्रश्न पुरा होण्याआधी दाबता येतो का, दाबल्यावर उत्तराला किती सेकंद, चुकलं तर किती वजा, प्रश्न पुढच्या टीमला जातो का. हे विचारायला लाजू नका, आयोजकांना त्याचं काही वाटत नाही. वजा गुणांचं गणित मुलांकडूनच सोडवून घ्या. बरोबरला १० आणि चुकीला वजा ५ असेल तर तीनदा दाबून एकदा बरोबर आलं तरी हिशोब शून्यावर राहतो, म्हणजे तीनात एकापेक्षा जास्त खात्री असेल तर दाबणं परवडतं. वजा १० असेल तर निम्म्यापेक्षा जास्त खात्री हवी. "वाटलं तर दाबा" असं मोघम सांगण्यापेक्षा हा आकडा डोक्यात असलेला बरा. गणिताच्या प्रश्नाला उत्तर हाती येईपर्यंत थांबायचं नसतं. वाट दिसली आणि उरलेला हिशोब मिळणाऱ्या सेकंदांत बसणार असेल तर दाबायचं. विज्ञानात मात्र वळण घेऊन झाल्याशिवाय दाबू नये.

प्रश्नसंचांविषयी अजून एक. तुमच्याकडचे दोन्ही संच कोणत्या साली छापलेत ते बघा. जुन्या संचांत सर्वाधिक उपग्रह गुरूचे असतात. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्याची संख्या २७४ झाली. किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर बेतलेली असायची, २० मे २०१९ पासून ती प्लांकच्या स्थिरांकावर आहे. "अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं" हे तर कित्येक संचांत उत्तर म्हणून छापलेलं असतं. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे, तिथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सोबतच पडत असतात म्हणून वजन जाणवत नाही. शंका आली की बालभारतीचं पुस्तक उघडा. सहावी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतल्या 'माहीत आहे का तुम्हांला?' आणि 'जरा डोके चालवा' या चौकटी मुलं वर्गात सोडून देतात. क्विझ मास्टर मंडळी प्रश्न काढायला आधी तिथेच बसतात, मी तरी बसतो.

रोज पाऊण तासाच्या वर सराव नको. वीस प्रश्न, सगळे तोंडी, समोर सातवीच्या तीन चुणचुणीत मुलांची विरोधी टीम. बझर विकत आणायची गरज नाही, स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो. फक्त दोन्ही टीमच्या वाट्यांचा आवाज वेगळा असू द्या, नाहीतर आधी कोणी वाजवलं यावर भांडणं होतात. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत जाऊ दे, आणि उत्तराशेजारी चूक कुठली तेही लिहा: ऐकण्याची, आठवण्याची, हिशोबाची की घाईची. दोन आठवड्यांनी वही चाळली की कोणत्या मुलाची कोणती चूक जास्त ते स्वच्छ दिसतं. घाईवाल्याला बझरपासून लांबच्या खुर्चीवर बसवा. वहीतले प्रश्न तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने विचारा, शब्द बदलून.

तिघांनाही सगळं यायला हवं हा हट्ट सोडा. एकाकडे आकडे, एकाकडे रसायन-जीवशास्त्र, आणि तिसरी अशी मुलगी किंवा मुलगा जो शांत आहे आणि नीट ऐकतो. कॅप्टन तो तिसरा. सगळ्यात हुशार मुलाला कॅप्टन केलं की बाकी दोघं बोलायचेच बंद होतात. थेट फेरीत, म्हणजे प्रश्न बझरशिवाय एकाच टीमला विचारतात तेव्हा, कुजबुजताना जे पहिलं सुचलं ते प्रत्येकाने सांगायचं, कॅप्टनने ठरवायचं, आणि ठरल्यावर उत्तर एकानेच द्यायचं. दोन तोंडांतून दोन उत्तरं आली तर परीक्षक बहुतेक वेळा पहिलंच धरतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवीन काही नको, फक्त चुकांची वही. पालकांना प्रेक्षागृहात मागे बसवा आणि ओठ न हलवण्याची विनंती करा. मुलं उत्तरासाठी स्टेजवरून आईकडे बघतात, ते परीक्षकांनाही दिसतं. एखाद्या उत्तरावर वाद झालाच तर हात कॅप्टनने वर करायचा, तोही पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत, आणि म्हणणं एका वाक्यात कारणासह मांडायचं: "सर, आमचं उत्तर ९८ आहे, कारण प्रश्नात नाशिक म्हटलंय." परीक्षकांनी तरीही नाही म्हटलं तर खाली बसायचं. तुम्ही प्रेक्षकांतून उठू नका, त्या वेळी तुमच्या टीमचं लक्ष पुढच्या प्रश्नावर असायला हवं.